मदत हवी आहे: आत्याचा ‘एम-बँड’ आणि डेक्सामेथासोन

नमस्कार मंडळी, खानापूरहून लिहितोय. आमच्या आत्याला मल्टिपल मायलोमा (अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) निघालाय. प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसच्या (रक्तातली प्रोटीनं वेगळी करून दाखवणारी तपासणी) रिपोर्टवर गॅमाच्या जागी, म्हणजे जिथं अँटिबॉडी दिसतात तिथं, सुळक्यासारखं टोक आलंय; तोच एम-बँड. निरोगी प्लाझ्मा पेशी नाना तऱ्हेच्या अँटिबॉडी सोडतात, म्हणून तिथं पसरट उंचवटा दिसतो. इथं एकाच पेशीची पिलावळ एकच प्रोटीन ओततेय, असं डॉक्टरांनी सांगितलं. (अर्धं कानडीत, अर्धं मराठीत, पण छान.)

इतर औषधांसोबत आठवड्यातून एकदा डेक्सामेथासोन चालू आहे. ॲड्रिनल ग्रंथीतल्या कॉर्टिसोलसारखंच, पण कितीतरी जहाल; लिम्फॉइड पेशींना (पांढऱ्या पेशींचा एक गट, प्लाझ्मा पेशी त्यातल्याच) मारतं. गोळी घेतली की शुगर वर आणि झोप गायब. पहाटे तीनला आत्या भांडी घासायला बसते!

विचारायचं असं, आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) रक्तात तीनेक आठवडे रेंगाळतं म्हणतात, मग एम-बँड हळू उतरतोय म्हणून घाबरायचं का? फ्री लाइट चेन (अँटिबॉडीचे रक्तातले सुटे तुकडे) तपासली तर लवकर कळेल? चांगल्या अँटिबॉडीही कमी पडतात, तर न्यूमोनियाची लस कधी घेतलीत? बेळगाव, मिरज की कोल्हापूर, रक्तविकाराचे डॉक्टर कुठं बरे? अनुभव असेल तर सांगा की.