आधी टायरमधली हवा बघा
‘अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम विकून कार्बनची घ्या’ हा सायकलवर बसणारे रस्त्याचे हादरे कमी करण्यासाठी दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. जेलचं सीट कव्हर तर मुळीच नको, लांबच्या फेरीत ते मांड्यांना घासतं. हे हादरे सगळ्यात आधी टायर शोषतो आणि त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. बऱ्याच ठिकाणी आजही २३ मिमी रुंदीच्या टायरमध्ये ११०-१२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासून देतात. इतक्या कडक टायरवर खडबडीत डांबरावरून सायकल वेगाने जात नाही, नुसती उडत राहते, आणि पायांची ताकद चालवणाऱ्यालाच हलवण्यात वाया जाते. फ्रान्समधल्या पॅरिस-रूबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूही आता ३० मिमी आणि त्याहून रुंद टायर लावतात.

तुमचं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर २८ मिमीच्या टायरला मागे ७५, पुढे ७० पीएसआयने सुरुवात करा आणि थोडं थोडं कमी करत जा. पुढच्या चाकावर भार कमी असतो, म्हणून तिथे हवाही कमी. ट्यूब असेल तर फार खाली मात्र उतरू नका. खड्ड्याच्या कडेवर रिम आदळली की ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. टायर घेण्याआधी ब्रेकखालची आणि फ्रेममधली जागा मोजा, जुन्या रिम ब्रेकवाल्या (चाकाच्या कडेला दाबणारे ब्रेक असलेल्या) कित्येक सायकलींत २५ मिमीच्या वर काही बसत नाही. पुणे-सातारा रस्त्यावर माझ्या तळहातांना येणाऱ्या मुंग्या हँडलला दुहेरी टेप गुंडाळूनही थांबल्या नव्हत्या, त्या हवा कमी केल्यावर थांबल्या.