मदत हवी आहे: बेसबॉलच्या शीटवर पोराच्या नावापुढे ‘पीबी’ लिहिलंय, म्हणजे काय?

खानापूरची_आई
इथं कुणाला बेसबॉल कळतं का? अर्जंट आहे. काल मॅच झाली, एका रननं हरले. शीटचा फोटो ग्रुपवर आलाय, त्यात माझ्या मुलाच्या नावापुढं तीनदा पीबी लिहिलंय. खाली एका पालकांनी लिहिलं, ‘पीबीमुळंच मॅच गेली.’ पोरगं कालपासून धड जेवलेलं नाही. सर फोन उचलेनात. पीबी म्हणजे त्याची चूक का? उद्या शाळेत जायच्या आधी त्याला काहीतरी सांगायला पाहिजे.

निपाणीकर_काका
ताई, पोरगा उभा कुठं राहतो ते लिहिलंच नाही की तुम्ही. पिचर, कॅचर, शॉर्टस्टॉप? वय काय?

टिळकवाडी_कट्टा
शीट वाचायची तर आधी जागांचे नंबर पाठ करा. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट फील्ड ७, ८, ९. ६-४-३ लिहिलं असेल तर शॉर्टस्टॉपनं दुसऱ्या बेसला फेकला, तिथून पहिल्या बेसला, दोघं आउट. के म्हणजे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक होऊन बॅटवाला आउट. बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक झाला तर के उलटा काढतात.

खानापूरची_आई
मी पीबी विचारलंय, नंबर नाही. तो बॅटवाल्याच्या मागं बसतो, तोंडाला जाळी लावून. सातवीत आहे.

निपाणीकर_काका
मग कॅचर. पीबी म्हणजे पास्ड बॉल. पिचरनं टाकलेला चेंडू नेहमीच्या प्रयत्नात धरता आला असता, पण हातून सुटला आणि त्यामुळं रनर पुढच्या बेसवर गेला, की कॅचरच्या नावावर पीबी. विकेटकीपरच्या हातून बाय जातो तसंच. म्हणजे चूक त्याचीच, पण लहान आहे, शिकेल हळूहळू.

जुना_कॅचर
काका, अर्धंच सांगून पोराला दोषी ठरवायलाय तुम्ही. डब्ल्यूपी पण असतं, वाइल्ड पिच. चेंडू इतका खाली, वर किंवा बाजूला टाकला की कॅचरला नेहमीच्या प्रयत्नात अडवताच येत नाही, तर तो पिचरच्या नावावर. आणि प्लेटच्या, म्हणजे बॅटवाल्याजवळच्या जमिनीवरच्या पाटीच्या, अलीकडं टप्पा पडलेला चेंडू सुटून रनर पुढं गेला तर ते डब्ल्यूपीच, पीबी लिहायचंच नाही. रनर जागचा हलला नसेल तर दोन्हीतलं काहीच लिहीत नाहीत. शिवाय दोन्ही एररमध्ये धरत नाहीत, एररसाठी ई वेगळा.
ताई, चेंडू टप्पा घेऊन आले होते का? शीट कुणी लिहिलं?

खानापूरची_आई
शीट पिचरच्या वडिलांनी लिहिलं. टप्प्याचं मी बघितलं नव्हतं, व्हिडिओ आहे, बघते.

संकेश्वरी_मिरची
तिथंच उत्तर आलं की! पीबीवर आलेली रन पिचरच्या सरासरीत धरत नाहीत, डब्ल्यूपीवर आलेली धरतात. आपल्या पोराचे आकडे चांगले दिसायला लिहिलं असणार.

जुना_कॅचर
असं बोलू नका. त्या माणसालाही कुणी शिकवलेलं नसेल. रविवारी दुसरा कुणी शीट धरायला तयार होत नाही, हे पण बघा.

टिळकवाडी_कट्टा
मुळात शाळांनी हे पालकांना मराठीत लिहून द्यायला पाहिजे. सूचना येते कन्नडमध्ये, खेळाचे शब्द इंग्रजीत, आणि घरी आपण मराठी.

संकेश्वरी_मिरची
कन्नड यायलाच पाहिजे की हो, राहतोय कुठं आपण?

निपाणीकर_काका
तो वाद दुसऱ्या धाग्यावर घाला. इथं एक पोरगं उपाशी बसलंय.

खानापूरची_आई
व्हिडिओ बघितला. दोन चेंडू प्लेटच्या अलीकडं मातीत पडून आलेत. तिसरा सरळ मिटात, म्हणजे त्याच्या हातमोज्यात, येऊन सुटलाय. त्यावर रनर दुसऱ्या बेसवरून तिसऱ्यावर गेला. पुढच्यानं सेंटरच्या पुढं मारलं, तेव्हा तो रनर घरी, म्हणजे प्लेटवर, आला आणि रन झाली.

निपाणीकर_काका
म्हणजे रन पीबीमुळंच आली म्हणायची.

जुना_कॅचर
नाही काका. मोकळ्या जागेत पडलेल्या सिंगलवर (बॅटवाला पहिल्या बेसपर्यंत पोचतो तो फटका) दुसऱ्या बेसवरचा रनर बहुतेक वेळा घरी येतोच. मारलेला चेंडू मोजायचा की नाही?
ताई, त्याला स्पष्ट सांगा: दोन तुझे नव्हते, एक तुझा होता, आणि एकानं मॅच जात नाही. एकही नव्हता असं खोटं सांगू नका, व्हिडिओ तोही बघेल. शीटवरचे दोन डब्ल्यूपी करून घ्या, पण सरांना किंवा त्या वडिलांना बाजूला घेऊन बोला, ग्रुपवर नको. पिचर आणि कॅचर दोघांना उद्या एकत्रच खेळायचंय.
आणि मातीतला चेंडू धरायला जायचंच नसतं, हे त्याला कुणी शिकवलंय का? दोन्ही गुडघे खाली, मिट गुडघ्यांच्या मधल्या फटीत, हनुवटी छातीला, खांदे पुढं. चेंडू छातीवर आदळून समोर पडला पाहिजे. बहुतेक पोरं मान फिरवतात, तिथंच चेंडू निसटतो. छातीचं पॅड आणि जाळी घालूनच सराव, आधी टेनिसच्या चेंडूनं.

संकेश्वरी_मिरची
तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला तर बॅटवाला पळू शकतो म्हणे, ते खरं का?

जुना_कॅचर
खरं. पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झाले असतील तर. म्हणून कॅचरनं चेंडू समोर पाडला तरी काम होतं, उचलून पहिल्या बेसला फेकायचा.

खानापूरची_आई
सांगितलं त्याला. व्हिडिओ परत परत बघायलाय, भाकरी पण खाल्ली. सरांशी उद्या बोलते. आता एकच विचारते, मिट शाळेचं आहे, मोठ्यांचं, हातात फिरतंय. त्याला कुठल्या मापाचं घेऊ?

जुना_कॅचर
कॅचरचं मिट घेराच्या इंचात मोजतात. या वयाला ३२ च्या आसपास बघा. साधा फील्डरचा ग्लोव्ह घेऊ नका, कॅचरच्या मिटाला बोटं वेगळी नसतात. उजव्या हातानं फेकतो ना? मग मिट डाव्या हातात घालायचं असतं. मागवताना तेवढं नीट वाचा, उलट्या हाताचं आलं तर परत पाठवायची कटकट होते.