स्फेनॉइडपर्यंत रेघ गेलीय म्हणजे डोक्याचं हाड मोडलं का?

तासगावचा बागायतदार
नमस्कार मंडळी. थोरलं पोरगं १९ वर्षांचं. शुक्रवारी कबड्डीत घोट्याची पकड करायला वाकलं आणि चढाईवाल्याचा गुडघा डाव्या गालावर बसला. शुद्ध गेली नाही, उलटी नाही, पण डोळा सुजून बंद. सीटी काढला. रिपोर्टात 'झायगोमा फ्रॅक्चर' आहे, म्हणजे गालाचं हाड, हे समजलं. पण खाली अजून एक ओळ आहे, रेघ 'ग्रेटर विंग ऑफ स्फेनॉइड'पर्यंत गेल्याची. मोबाइलवर बघितलं तर स्फेनॉइड मेंदूच्या तळाशी असतं म्हणे. रिपोर्ट देणाऱ्याला विचारलं, तर "डॉक्टरांना दाखवा" म्हणाला आणि पुढचा नंबर पुकारला. सर्जनची वेळ सोमवारची आहे. पोराची आई दोन रात्री त्याच्या उशाशी बसून आहे. मला एवढंच कळू द्या, मार चेहऱ्याला लागला की डोक्याला? आणि वरचा ओठ, डावीकडचे वरचे दात बधिर झालेत म्हणतो, ते कशामुळं?

जुना चढाईपटू, पलूस
भाऊ, माझंही गालाचं हाड असंच मोडलं होतं. प्लेटा बसवल्या, एक तोंडातून आणि एक भुवईच्या कडेला. ओठाला पाच महिने बधिरपणा होता, मग मुंग्या यायला लागल्या आणि हळूहळू जाण परतली. पोराला नाक शिंकरू देऊ नका. मी शिंकरलं आणि हवा शिरून पापणी फुग्यासारखी फुगली.

शरीररचना शिक्षिका (निवृत्त), मिरज
दादा, २६ वर्षं मी मुलांच्या हातात कवटी देत आले. कवटीत २२ हाडं, ८ मेंदूच्या पेटीची, १४ चेहऱ्याची, हे सगळे पाठ करतात. पण या दोघांची हद्द कुठं आहे, असं तुमच्यासारखं कुणी विचारलं की मला फार बरं वाटायचं.

ती हद्द डोळ्याच्या खोबणीतच आहे. एका खोबणीला ७ हाडं मिळून बनवतात, त्यातली ३ डोक्याकडची आणि ४ चेहऱ्याकडची. बाहेरच्या भिंतीचा पुढचा जाड काठ गालाच्या हाडाचा. तिथून थोडं आत गेलं की एक बारीक सांधा लागतो, आणि त्याच्या पलीकडं स्फेनॉइडचा मोठा पंख सुरू होतो. दोन वावरांमधला बांध समजा. तुमच्या पोराच्या रिपोर्टातली रेघ त्या बांधाच्या आसपास असणार. गालाचं हाड चार ठिकाणी धरलेलं असतं: कपाळाला, वरच्या जबड्याला, कानशिलाला आणि स्फेनॉइडला. ते निखळलं की चौथा सांधाही बहुतेक वेळा हलतोच. म्हणून मार चेहऱ्याचा, त्याची रेघ बांधापर्यंत गेलेली. नुसत्या त्या शब्दावरून मेंदूला इजा झाली असं होत नाही. रेघ नेमकी किती आत गेलीय, ते सर्जन सीटीवर दाखवतील. हाड बरोबर बसलं का, हे बघायला तेही हाच सांधा पाहतात.

स्फेनॉइडला मराठी पुस्तकांत जतुकास्थी म्हणतात. जतुका म्हणजे वटवाघूळ. मधल्या धडावर पिट्यूटरी ग्रंथीची छोटी बैठक, बाजूंना दोन मोठे आणि दोन लहान पंख, खाली वरच्या जबड्याच्या मागं उतरणारे दोन पाय. डोक्याच्या बाकी सातही हाडांना ते टेकतं. मला सगळ्या कवटीत हेच हाड सगळ्यात सुंदर वाटतं.

बधिरपणाचं उत्तरही इथंच आहे. गालाची जाण घेऊन जाणारी नस मेंदूकडून त्या मोठ्या पंखाच्या मुळाशी असलेल्या गोल छिद्रातून बाहेर पडते, खोबणीच्या तळाखालून पुढं येते आणि डोळ्याखाली गालावर उगवते. तिथं मोडलेल्या हाडात ती दबते.

पण नाकातून पाण्यासारखं पातळ गळायला लागलं, नजर कमी झाली, डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या किंवा पोरगं सुस्त पडायला लागलं, तर सोमवारची वाट बघू नका. रात्र असली तरी तातडीच्या विभागात न्या.

तासगावचा बागायतदार
ताई, आजच दाखवून आलो. सर्जननी पडद्यावर तो बांध दाखवला. रेघ तिथंच थांबलीय, नजर नीट आहे. सूज उतरली की गुरुवारी प्लेट. पोराच्या आईनं स्वतःच्या डोळ्याच्या कडेला बोट लावून बघितलं आणि मग जेवली. आता एकच, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही त्याचं.

शरीररचना शिक्षिका (निवृत्त), मिरज
कानशिलाचा स्नायू गालाच्या कमानीखालून खालच्या जबड्याला जातो. कमान आत दबली की तो अडतो. सर्जनना हे जरूर सांगा, हाड जागेवर आलं की तो मोकळा होतो. तोवर दूध-भाकरी कुस्करून द्या, चावायला लावू नका. गुरुवारी कसं झालं ते इथं लिहा.