मदत हवी आहे: ४० हजारांत फ्लेक्स-डीटीपीसाठी पीसी जोडायचाय, हे कोटेशन बघा

नमस्कार मंडळी,

बार्शीत माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं असतातच, पण पोट भरतं ते फ्लेक्सवर. मशीन तिसऱ्या पिढीचं आय३, ८ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि ११ हा प्रोसेसर घेत नाही. तेही चालवून घेतलं असतं, पण लोकांचे वाढदिवस चालवून घेऊ देत नाहीत.

दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला केला तरी ८६४० बाय १७२८० पिक्सेल होतो. फोटोशॉपमध्ये सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, एक भरलेली लेयर म्हणजे साधारण ६०० एमबी. मध्ये हात जोडलेले भाऊ, वर नेत्यांची रांग, खाली शुभेच्छुक. परवा शुभेच्छुक ३४ होते. प्रत्येकाची लेयर वेगळी ठेवावी लागते, कारण रात्री साडेदहाला फोन येतोच, "याला जरा पुढं घ्या, त्याला काढा." एक डोकं सरकवलं की मी चहा पिऊन येतो. सेव्हला टाकलं की शटर अर्धं ओढतो.

मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, यूपीएस आहेत. मॉनिटरला मागे फक्त व्हीजीएचं जुनं सॉकेट. फॉन्टचं डोंगल (परवान्याची किल्ली) यूएसबीचं. गेम नाही, व्हिडिओ नाही. गावातल्या एका दुकानदाराने वहीच्या पानावर लिहून दिलेलं जसंच्या तसं:

आय५ प्रोसेसर + बोर्ड
१६ जीबी रॅम
५१२ एसएसडी
२ जीबी ग्राफिक कार्ड
कॅबिनेट विथ ५०० वॅट एसएमपीएस
टोटल ३८,५००. बिल नको असेल तर कमी करू.

मॉडेल विचारलं तर म्हणाला, "दादा, चालण्याशी मतलब." हे घ्यावं का? नसेल तर नेमकं काय लिहून मागू? स्वतः जोडायचीही तयारी आहे. रॅम आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदललेत, प्रोसेसर कधी बसवला नाही. जुन्यातलं काय चालेल?

---

रिकामटेकडा:
आय५ म्हणजे कोणता? आय५ नावाचे प्रोसेसर २००९ पासून निघतायत. ऑफिसांतून निघालेला चौथ्या पिढीचा आय५ नव्या चकचकीत बोर्डावर बसवून "नवा पीसी" म्हणून विकणारे भरपूर आहेत. सीलबंद डबा दाखवा म्हणा, तोंड बघण्यासारखं होईल.

२ जीबी कार्ड बहुतेक जीटी ७१० असणार. त्या पिढीसाठी नवे गेम ड्रायव्हर एनव्हिडियाने २०२१ मध्येच बंद केले. ते काढून टाका, ते पैसे रॅमला लावा. तुम्ही असं मागा: आय५-१२४००, शेवटी एफ नसलेला. एफवाल्यात आत ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहील. सहा कोर आहेत, डब्यात पंखा येतो. बोर्ड एच६१०. हा डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांसाठी मिळतो, तेव्हा कोणता ते लिहून घ्या, आणि व्हीजीए असलेला बघा. नसलाच तर एचडीएमआयचा कन्व्हर्टर लावता येतो.

एएमडी पक्ष, बार्शी रोड शाखा:
रायझन ५ ५६००जी का नाही? तोही सहा कोर, आतलं ग्राफिक्स इंटेलपेक्षा सरस. आणि रॅम एक कांडी घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. ड्युएल चॅनेल, म्हणजे दोन वाटांनी डेटा!

रिकामटेकडा:
ग्राफिक्स सरस आहे, मान्य. पण ते गेमवाल्याला. फोटोशॉपमध्ये बरीचशी कामं एकेका कोरच्या वेगावर चालतात, तिथे १२४०० पुढे आहे.

दोन कांड्यांबद्दल मात्र यांच्या बाबतीत माझं उलट मत. एच६१० ला रॅमचे स्लॉटच दोन. ८-८ लावल्या की भरले. पुढे ३२ करायचे तर दोन्ही काढून विकाव्या लागतील. ३४ शुभेच्छुकांना ड्युएल चॅनेलपेक्षा जागा हवीय. आत्ता १६ ची एक, दिवाळीनंतर दुसरी. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयवाल्यांची डेटा सेंटरं सगळा माल उचलतायत. म्हणून चूक करायची तर रॅममध्ये करू नका. जुनी डीडीआर३ नव्या बोर्डात बसणार नाही, खाचच वेगळी असते. दाबून बघू नका.

वायरमन:
एसएमपीएसबद्दल कुणी बोललं नाही. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो ५०० वॅटचा फक्त स्टिकरवर. हातात घेऊन बघा, पावशेर वजन लागतं. कार्ड नसेल तर तुमचं मशीन २०० वॅटच्या आत राहील, त्यामुळे चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झवाला (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) ४५० वॅट पुरे. कॅबिनेट जुनंच वापरा, पत्रा काही म्हातारा होत नाही. फक्त बोर्डाच्या स्क्रूची भोकं जुळतात का ते बघा.

एक विचारतो. अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात का?

धागाकर्ता:
हो, येतात! मला वाटायचं जुनं झालंय म्हणून.

वायरमन:
जुनं नाही, दुकानाला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडा करंट पत्र्यावर सोडतो, तो अर्थच्या तारेतून जायला हवा. तार नसली की तुमच्यातून जातो. आधी अर्थिंग करून घ्या, मग नवा बोर्ड आणा.

मुंबईकर भाचा:
बिलाशिवाय घेऊ नका. १८ टक्के जीएसटी वाचतो, पण सिरीयल नंबर असलेलं बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी दुकानदार ओळख दाखवणार नाही. पुण्यात तपकीर गल्ली किंवा इकडे लॅमिंग्टन रोडला चार दुकानांत भाव विचारा, मग गावातल्याला तोच भाव सांगा. एसएसडी एनव्हीएमई (वेगवान प्रकार) आहे ना ते विचारा, साटावाली (हळू) एम.२ही दिसायला सारखीच असते. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क (रॅम भरली की वापरायची तात्पुरती जागा) तिच्यावर ठेवा, जुनी हार्डडिस्क फक्त झालेल्या फाइलींना.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल नवी यादी घेऊन गेलो: १२४०० डब्यासकट, एच६१० डीडीआर४ व्हीजीएवाला, १६ ची एक कांडी, ५०० जीबी एनव्हीएमई, ४५० वॅट ब्रॉन्झ. त्याने यादी दोनदा वाचली आणि म्हणाला, "कुणी शिकवलं?" पक्क्या बिलासकट बजेटात बसवतोय, माल सोलापूरहून गुरुवारी येईल. इलेक्ट्रिशियन उद्या.

जोडणी मीच करणार. पंख्याला पेस्ट वेगळी आणावी लागते का?

रिकामटेकडा:
डब्यातल्या पंख्याला लावूनच येते, बोट लावू नका. सॉकेटमधल्या पिनांना तर अजिबात नाही. पंख्याचे चार खुंटे तिरके समोरासमोरचे दोन-दोन दाबा, प्रत्येकाचा कट्ट आवाज यायला हवा. तीनच वाजले तर काढून परत बसवा.