महाडचं चवदार तळं सातवीला कसं शिकवावं?

प्रश्न: मी सातवीला इतिहास शिकवते. काल फळ्यावर '२० मार्च १९२७, महाड' लिहिलं, तोच एका मुलीने विचारलं, "बाई, पाणी पिऊ न देणारे कोण होते?" वर्ग चिडीचूप. तिच्या शेजारणीने मान खाली घातली. आडनावं मुलांना कळतात हो! मी "तेव्हाचे काही लोक" म्हणून पुढे सरकले. ते मनात सलतंय.

उत्तर: ताई, 'काही लोक' नको. सरळ सांगा, ते गावातले सवर्ण होते. १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात झाला, पुढे महाड नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं केलं, पण सगळं कागदावरच. बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले, तर परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. तळ्याच्या पाण्यावरच्या हक्काचा कोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

उत्तर: आणि बाबासाहेबांच्या सोबत उभे राहिलेले सवर्ण, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे हेही सांगा. आपण कोणाच्या बाजूला उभं राहायचं, हे त्या शेजारणीलाही ठरवता येईल.

प्रश्नकर्ती: हे सुचलंच नव्हतं. उद्या तोच तास पुन्हा घेते. त्या मुलीचा प्रश्न आधी फळ्यावर लिहीन, तिच्याच शब्दांत.