वर्णपटलेखकाचा सीसीडी उन्हाळ्यात बिघडला की काय?

शिवारातून_आकाश (सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर):
आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात विद्यार्थ्यांसह बांधलेल्या वर्णपटलेखकाला (ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून नोंदवणाऱ्या यंत्राला) थंड करता येणारा सीसीडी कॅमेरा जोडलेला आहे; सीसीडी म्हणजे त्यातला प्रकाश टिपणारा सिलिकॉनचा संवेदक. जानेवारीत व्याधाच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. एप्रिलपासून मात्र मंद ताऱ्यांच्या पाच मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये, हिवाळ्यातल्या डार्क फ्रेम (झाकण लावून तेवढ्याच वेळेच्या घेतलेल्या काळ्या प्रतिमा) वजा करूनही, पांढरे ठिपके उरतात आणि काही रात्री तिरपे पट्टे उमटतात. मागे एका दुरुस्तीवाल्याने केवळ काच पुसून पैसे घेतले होते, म्हणून कॅमेरा पाठवण्याआधी येथेच कोणत्या चाचण्या कराव्यात, हे कृपया सांगावे.

जुना_तंत्रज्ञ:
सर, आधी फ्रेमच्या हेडरमध्ये (प्रतिमेच्या फाइलसोबत साठवलेल्या नोंदीत) संवेदकाचे प्रत्यक्ष तापमान पाहावे, कारण आपण मागितलेले तापमान आणि त्याने गाठलेले तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा कूलर भोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच खाली जातो. ही मर्यादा 35 अंश असेल, तर जानेवारीतल्या 14 अंशांच्या रात्री उणे 10 सहज मिळते. एप्रिलमध्ये रात्री नऊला 34 अंश असताना तो उणे 1 वरच अडकतो. सिलिकॉनमधील डार्क करंट (प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे साठणारा संकेत) साधारण दर सहा अंशांना दुप्पट होतो, म्हणजे या नऊ अंशांत तो जवळजवळ तिप्पट होतो. अशा वेळी हिवाळ्यातल्या डार्क फ्रेम वजा केल्या, तर उष्ण पिक्सेल (डार्क करंट जास्त असलेले, म्हणून पांढरे दिसणारे) पुरते जात नाहीत आणि ते वर्णपटावर उत्सर्जन रेषांचे, म्हणजे ताऱ्याच्या तेजस्वी रेषांचे, सोंग घेतात. वर्षभर एकच डार्क वापरण्याची सवय फार जणांना आहे, ती सोडावी.

गणित_आणि_तारे:
भाऊ, संवेदक वर्णपटलेखकातून काढून एकटाच तपासावा. बॅटरीवरच्या टॉर्चपुढे पांढऱ्या कागदाचे दोन-तीन थर लावून सारख्या वेळेच्या दोन फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाच्या प्रतिमा) घ्याव्यात. घरच्या विजेवरचा दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो, तो टाळावा. दोन्ही फ्रेमची वजाबाकी केल्याने धूळ आणि पिक्सेलमधले कायमचे फरक निघून जातात. समजा बायस (शून्य वेळेच्या काळ्या फ्रेममध्येही येणारा मूळ आकडा) वजा केल्यावर पिक्सेलच्या आकड्यांची सरासरी 12,000 एकके आली आणि वजाबाकीचे प्रमाण विचलन 120 आले, तर प्रचरण (विचलनाचा वर्ग) 14,400, दोन फ्रेम असल्याने त्याचे निम्मे 7,200, आणि 12,000 भागिले 7,200 म्हणजे गेन (आकड्यातल्या एका एककामागे किती इलेक्ट्रॉन) सुमारे 1.67 इलेक्ट्रॉन प्रति एकक. दोन बायस फ्रेमच्या वजाबाकीचे विचलन 8.5 असेल, तर त्याला 1.414 ने भागून 6 एकके, म्हणजे रीड नॉइज (संवेदक वाचताना येणारा गोंगाट) सुमारे 10 इलेक्ट्रॉन. हे आकडे कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकाशी जुळले, तर संवेदक धडधाकट आहे. पट्ट्यांचा संशय मला वीजपुरवठ्यावर आहे.

शिवारातून_आकाश:
दोघांचेही आभार. हेडरमध्ये खरोखर उणे 2 होते. आता उन्हाळ्यातही गाठता येईल असे 5 अंश ठरवून त्याच तापमानाच्या वीस नव्या डार्क फ्रेम घेतल्या आणि ठिपके जवळपास गेले. गेन 1.6 आला, तो माहितीपत्रकाशी जुळतो. पट्टे मात्र शेतीपंपांना थ्री फेज येते त्याच रात्री उमटत होते. कॅमेरा ट्रॅक्टरच्या 12 व्होल्ट बॅटरीवर आणि लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवताच बायस फ्रेम कोऱ्या आल्या. एक्सपोजर दुप्पट करत गेल्यावर 52,000 च्या वर पिक्सेलचे आकडे दुप्पट न होता मागे पडू लागतात असे आढळले, त्यामुळे यापुढे तेजस्वी तारे 50,000 च्या आत ठेवू.