रोइंग मशीनवर रोज 284 कॅलरी, सहा आठवड्यांत फक्त 800 ग्रॅम. कुठे चुकतंय?

गोदाकाठ

वय 46, उंची पाच फूट दोन इंच, राहणार नाशिक. उजवा गुडघा कुरकुरतो म्हणून ट्रेडमिल सोडली आणि सोसायटीच्या जिममधल्या रोइंग मशीनवर (सरकत्या सीटवरून वल्हवल्यासारखं हँडल ओढायचं यंत्र) बसायला लागले. आठवड्यातून पाच दिवस, सकाळी साडेसहाला, 30 मिनिटं. एकही दिवस बुडवला नाही. स्क्रीनवर साधारण 5,450 मीटर, 500 मीटरला 2:45 मिनिटं आणि 284 कॅलरी दिसतात. त्या आकड्याकडे बघून रोज हुरूप यायचा. सहा आठवड्यांनी वजन 64.8 चं 64 झालं. इतकंच. खाणं होतं तसंच आहे.

जिममधल्या मुलाने पंख्याच्या बाजूचा खटका 10 वर ठेवायला सांगितलाय, जोर जास्त लागला की चरबी लवकर जळेल म्हणून. मिनिटाला 31 वेळा ओढते. आता कंबर धरायला लागली आहे, बादली उचलायला वाकले की कळ येते. रडकुंडीला आलेय. सोडून देऊ का?

रानवारा

ताई, सोडा. कंबर गेली तर वजन कमी करून काय करायचं? पहाटे तासभर चाला, मला तेवढंच लागू पडलं.

मुळाकाठचा वल्हेकरी

ताई, सोडू नका. रानवारा, चालणं उत्तमच, पण ताईंचा गुडघा दुखतोय. या मशीनवर पाऊल कुठे आपटत नाही, म्हणून त्यांची निवड बरोबर आहे.

तुमचे आकडे वाचून मी कागद-पेन घेऊनच बसलो. पुण्यात शिकत असताना मी सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर मुळा नदीत वल्हवायचो. पन्नाशीला 91 किलोवर गेलो तेव्हा अर्गो (आम्ही वल्हेकरी या मशीनला अर्गोच म्हणतो) घरी आणला. त्यामुळे या यंत्राशी माझं नातं जुनं आहे.

तुमच्या वर्णनावरून मशीन हवेच्या पंख्याचं, कॉन्सेप्ट2 कंपनीचं किंवा त्याच जातीचं दिसतंय. त्या स्क्रीनला तुमचं वजन माहीत नसतं. समोरचा माणूस 175 पौंडांचा, म्हणजे सुमारे 79.5 किलोचा आहे असं धरून ती कॅलरी मांडते. तुमच्या 64 किलोसाठी तासाला 58 वजा करायच्या. म्हणजे अर्ध्या तासाच्या 284 च्या 255 झाल्या. त्यातल्या तीसेक तुम्ही नुसत्या खुर्चीत बसला असतात तरी जळल्याच असत्या. उरल्या 225. पाच दिवस, सहा आठवडे, म्हणजे 30 वेळा: 6,750. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. भागाकार करा, 875 ग्रॅम येतात. तुमचा काटा 800 दाखवतोय! काटा नुसत्या पाण्यानेच किलोभर खालीवर होतो हे धरलं, तरी तुमची मेहनत वाया गेलेली नाही. अपेक्षा कुणीतरी फुगवून दिली होती, एवढंच.

कंबरेचं मात्र आजच्या आज बघा. त्या खटक्याला डॅम्पर म्हणतात. 10 वर नेला की पंख्यात हवा जास्त शिरते आणि बोट जड झाल्यासारखी वाटते. पण कॅलरी खटक्यावर ठरत नाहीत. पंखा किती लवकर मंदावतो ते स्क्रीन प्रत्येक ओढीला मोजत असते आणि तुम्ही लावलेली ताकद तेवढीच दाखवते. 3 ते 5 च्या मध्ये ठेवा.

मग मोबाईल बाजूला टेकवून स्वतःचा व्हिडिओ काढा आणि एकच क्षण बघा. पाय रेटल्याबरोबर हँडल सीटसोबत निघतं का? की सीट एकटीच मागे जाते, हँडल पंख्यापाशीच राहतं आणि मग ते पाठीने उपटून आणावं लागतं? मिनिटाला 31 च्या घाईत बहुधा दुसरंच होत असणार. कळ तिथून येते. आधी पाय, मग कंबरेतून धड, शेवटी हात. परतताना उलटं: हात, धड, मग गुडघे. हात गुडघ्यांच्या पुढे गेल्याशिवाय गुडघे वर येऊ द्यायचे नाहीत. पुढे येताना नडगी उभी झाली की थांबायचं, त्याच्या पुढे जायला गेलं की पाठ गोल होते. ओढताना एक मोजा, परतताना दोन. मिनिटाला 20 ते 22 पुरे.

तुमच्याच जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. सैन्यात गेल्यावर त्याच्या हाती वल्ही आली आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये तो सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने बोट वल्हवायच्या शर्यतीत, 13 वा आला. विहिरीतला दगड जाणता माणूस पायांवर उचलतो, कमरेवर नाही. ही ओढ तशीच आहे.

कळ पायात उतरली किंवा मुंग्या आल्या तर मशीन बंद आणि थेट डॉक्टर. यात हयगय नको.

आणि खाणं. मी 14 महिन्यांत 91 चा 80 झालो, त्यातला निम्म्याहून जास्त वाटा संध्याकाळचं फरसाण सुटल्याचा आहे. नुसत्या मशीनवर 11 किलो उतरले असं मी कुणालाच सांगणार नाही.

सातूचं पीठ

वल्हेकरीदादांचा हिशोब आवडला. त्यात स्वयंपाकघर जोडते. चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, झाल्या 160 कॅलरी. मूठभर शेंगदाणे, 170. दोन्ही मिळून तुमची सकाळची अर्ध्या तासाची मेहनत भरून वर उरतात. शेंगदाणे सोडू नका, मोजून घ्या. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा संपायचा. मी फोडणी बरणीतून ओतायची सोडून चमच्याने घालायला लागले आणि चार लिटरवर आलो. माणशी दिवसाला जवळजवळ 70 कॅलरी तिथेच वाचल्या, आणि भाजीची चव बदलली असं घरात कुणी म्हटलं नाही. कंबरेचा घेरही टेपने मोजा, काट्याआधी तो बोलतो.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. हिशोब वाचून डोळ्यांत पाणी आलं, खरंच. मला वाटत होतं माझ्याच शरीरात काहीतरी बिघाड आहे.

दोन दिवस पूर्ण विश्रांती घेतली. मग मुलीने व्हिडिओ काढला. दादा, अगदी तुम्ही म्हणालात तेच. सीट सरकून जाते, हात तिथेच, आणि मग खांदे कानापर्यंत येतात. तीन वेळा थांबवून पाहिलं. डॅम्पर 4 वर घेतला. पहिल्या दिवशी 22 च्या गतीने 4,900 मीटरच झाले आणि मांड्या थरथरल्या, आधी त्या कधीच थरथरल्या नव्हत्या. आज नववा दिवस: 5,480 मीटर, मिनिटाला 22. चहा दोन कपांवर आणलाय, साखर एक चमचा.

संध्याकाळी गच्चीवर झाडांना पाणी घालायला बादली नेली. कळ आली नाही.